दिसायला चांगला जोड मला दाखवू नका

मुलांनो, बसा. आज मशीन चालू होणार नाही. जनरेटरची किल्ली माझ्याकडे आहे आणि आधी माझं बोलणं तुम्हाला ऐकावं लागेल.

कालच्या प्रात्यक्षिकाचे तुमचे बारा तुकडे या टेबलावर आहेत. नरम पीव्हीसीचे दोन थर, मधोमध सील. रेघ सरळ आहे, कडेचा मणी एकसारखा उठलाय, रंग कुठे बदललेला नाही. शेजारी तुमची नोंदवही आहे. ओढून बघण्याच्या चाचणीच्या रकान्यात बाराही तुकड्यांपुढे एकच वाक्य आहे: ‘थर फाटला, जोड टिकला.’ एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेलं. मुलांनो, ही चाचणी करायची तर तुकड्यातून पट्टी कापावी लागते. तुमचे बाराही तुकडे माझ्या हातात आले तेव्हा अखंड होते. थर फाटला म्हणता, मग फाटलेला थर कुठे आहे?

मी त्यातले चार उचलले, पट्ट्या कापल्या आणि दोन्ही पदर विरुद्ध दिशांना ओढले. तीन जोड सोलून निघाले. सपाट, गुळगुळीत, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसल्यासारखे.

जोड सुटले म्हणून मी रागावलेली नाही. शिकताना जोड सुटतातच आणि सुटलेल्या जोडातूनच माणूस हे काम शिकतो. मी रागावले आहे त्या रकान्यावर. वाईट जोड लावणारा माणूस महिनाभरात चांगला जोड लावायला शिकतो. न केलेली चाचणी लिहिणाऱ्याला मात्र मी काहीच शिकवू शकत नाही, कारण आपल्याला काय येत नाही हे कळायची वाटच त्याने बंद केलेली असते.

‘मॅडम, दिसायला तर चांगला होता,’ असं काल एकाने मला सांगितलं. हे वाक्य मला या वर्कशॉपमध्ये पुन्हा ऐकायचं नाही. का ऐकायचं नाही, ते पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. वहीत उतरवलंत, डोक्यात उतरलं नाही. आता पुन्हा ऐका.

तव्यावरची भाकरी बाहेरून आत शिजते. गरम हवेने किंवा तापलेल्या पट्टीने प्लास्टिक जोडताना तसंच होतं. आधी बाहेरची बाजू तापते, मग आतली. त्यामुळे तिथे बाहेरची बाजू बघून आत काय झालं असेल याचा थोडाफार अंदाज तरी बांधता येतो. आपल्या हाय फ्रिक्वेन्सीच्या मशीनवर सगळं उलट आहे. वरची पितळी डाय आणि खालचा पाट यांच्यामध्ये विद्युतक्षेत्र उभं राहतं आणि सेकंदाला 2 कोटी 71 लाख 20 हजार आवर्तनं करतं. पीव्हीसीच्या साखळीत क्लोरीनचा अणू एका बाजूला विद्युतभार ओढून घेतो, म्हणून तिच्या प्रत्येक घटकाला एक धन टोक आणि एक ऋण टोक असतं. क्षेत्राची दिशा बदलली की ही टोकं तिच्यामागे वळू पाहतात, शेजारच्या साखळ्यांना अडतात, मागे पडतात. त्या ओढाताणीत वाया जाणारी शक्ती म्हणजेच उष्णता. ती थराच्या सगळ्या जाडीत एकदम तयार होते. डाय मात्र त्या मानाने थंड असते आणि बाहेरच्या दोन्ही पृष्ठभागांतून उष्णता शोषून घेते. राहतो मधला भाग, जिथे दोन थर एकमेकांना टेकलेले असतात. सर्वांत जास्त तापतो तो हाच भाग.

म्हणजे ज्या पृष्ठभागाकडे बघून तुम्ही ‘मस्त लागला’ म्हणता, तो त्या जोडातला सर्वांत थंड भाग आहे. साखळ्या एकमेकींत खरोखर मिसळल्या की नाही, हे ठरतं मधल्या प्रतलात आणि तिथे कोणाचाच डोळा पोहोचत नाही. वरची गुळगुळीत रेघ डायने उमटवलेली असते. दाब दिला की नुसत्या मऊ झालेल्या पीव्हीसीवरही ती उमटेल. तुमचे ते तीन तुकडे नेमके असेच होते, वर छाप पडलेले आणि आत काहीच न घडलेले. या धंद्यात पट्टी कापून ओढणं हाच तुमचा डोळा आहे. तो तुम्ही मिटून घेतलात आणि वर लिहिलंत की बघितलं.

आता दुसरी गोष्ट. जोड लागत नाही असं दिसताच तुमचा हात कुठे गेला? पॉवरच्या चाकाकडे. कारण शोधलं नाही, चाक फिरवलं. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र तुमच्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत लिहिलंय. व्होल्टेज दीडपट केलंत तर उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. मशीनसमोर उभं राहिल्यावर ते सूत्र कुठे गेलं? खालचा इन्सुलेशनचा कागद बदलायला झाला होता का? डायची एक बाजू वर राहिली होती का? थंडीच्या सकाळी पहिल्या काही जोडांना डाय जास्त उष्णता ओढून घेते, हे लक्षात घेतलंत का? पातळ थरातली उष्णता डायकडे लवकर पळते, म्हणून पातळ माल सोपा नसतो, उलट अवघड असतो, हे आठवलं का? यांतलं काहीही न तपासता चाक फिरवणारा ऑपरेटर जुगार खेळतो. कधी जोड लागतो, कधी ठिणगी पडते.

ठिणगी पडली तेव्हा तुम्ही काय केलंत, तेही मी बघितलं. इन्सुलेशनवर काळा डाग पडला होता. तुम्ही तो फडक्याने पुसलात, कागद दोन बोटं सरकवलात आणि काम पुढे चालू केलंत. तो डाग म्हणजे कार्बन. कार्बनमधून वीज वाहते. एकदा वाट पडली की पुढची ठिणगी तीच वाट शोधते आणि प्रत्येक वेळी डायच्या कडेला एक खड्डा पाडून जाते. खड्ड्याची धार टोकदार असते. टोकापाशी क्षेत्र एकवटतं आणि तिथून पुन्हा ठिणगी. ज्या कारागिराने त्या पितळी डायची कड हाताने घासून गोल केली, त्याची मेहनत तुम्ही एका दुपारात खराब केलीत. ठिणगी पडली की थांबायचं. डाय पुसायची, कड बोटाने तपासायची, जळलेला कागद फेकून नवा लावायचा. शिवाय पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो घशाला झोंबतो आणि यंत्रांच्या लोखंडाला गंज आणतो. त्या वासाची सवय करून घेऊ नका. तो वास आला म्हणजे काहीतरी चुकलंय.

थंड व्हायला दिलेला वेळ तुम्ही निम्म्यावर आणलात. टायमरवरचा आकडा मी बघितला. का, तर तासाला नग जास्त पडतात. तापणं हे जोडाचं अर्धंच काम आहे. ऊर्जा बंद झाल्यावरही प्रेस खाली राहते ती उगाच नाही. मिसळलेल्या साखळ्या दाबाखालीच थंड होऊन घट्ट व्हाव्या लागतात. गरम, मऊ जोडावरून दाब काढलात तर माल आखडतो, ओढला जातो आणि जोड जन्माला येतानाच कमजोर होतो. सुटलेल्या तीनपैकी दोन तुकडे याच घाईचे असावेत, असं मला वाटतं. खात्री करायची असती तर नोंदवहीत खरा वेळ लिहिलेला असायला हवा होता. तिथेही तुम्ही छापील तक्त्यातला आकडा उतरवून ठेवला आहे. खोट्या नोंदीने हे नुकसान केलं. जोड का सुटला, हे आता मलाही सांगता येत नाही आणि तुम्हालाही शिकता येत नाही.

तुमच्यातल्या दोघांनी शेततळ्याचा काळा कागद मशीनवर लावून बघितला. कुतूहल म्हणून बघितला असता तर मी शाबासकी दिली असती. पण तो लागत नाही म्हणून तुम्ही पॉवर वाढवत नेलीत आणि शेवटी मशीनलाच दोष दिलात. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून हा कागद राज्यात गावोगावी गेला. बहुधा 500 मायक्रॉनचा असतो आणि एचडीपीईचा, म्हणजे पॉलिथिनचा असतो. पॉलिथिनच्या साखळीत कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काही नाही. दोन्ही बाजू सारख्याच, कुठे धन टोक नाही, कुठे ऋण टोक नाही. क्षेत्राने ओढायचं तरी काय? पीव्हीसीच्या तुलनेत या पदार्थात वाया जाणारी शक्ती शेकडो पटींनी कमी. पॉलिप्रॉपिलीनचंही तसंच. टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन असूनही तो तापत नाही, कारण साखळीच्या दोन्ही बाजूंचे ओढे एकमेकांना रद्द करतात. म्हणूनच तो डायला चिकटू नये म्हणून लावायच्या पट्टीसाठी चालतो. पीव्हीसी, पॉलियुरेथेन, काही प्रकारचे नायलॉन, व्हिनाइल ॲसिटेटचं प्रमाण पुरेसं असलेलं ईव्हीए, हे आपल्या मशीनवर लागतात. शेततळ्याचा कागद तापलेल्या पाचरीच्या मशीनने जोडतात, दोन समांतर रेघा आणि मध्ये हवेची वाट ठेवून. त्या वाटेत हवा भरून दाब टिकतो का ते बघतात. म्हणजे तिथेही चाचणी आहेच.

हातात आलेला माल कशाचा आहे हे न विचारता मशीनखाली सारणारा माणूस उद्या नाशिकच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराचं तळं गळकं करून येईल. उन्हाळ्यात त्या शेतकऱ्याची बाग त्या पाण्यावर उभी असते. पाणी जमिनीत मुरून गेल्यावर त्याला तुमची नोंदवही दाखवायची का?

आता जे सांगते, ते सांगताना मी जास्त चिडलेली आहे, कारण इथे प्रश्न तुमच्या हातांचा आहे. माल सरकवायला अडतो म्हणून तुम्ही गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवला होतात. एकाच्या मनगटात स्टीलचं घड्याळ होतं, एकीच्या हातात कडं. ‘काही होत नाही मॅडम, काही जाणवत नाही,’ हे तुमचं उत्तर. जाणवत नाही हाच यातला धोका आहे. उष्णता ओळखणाऱ्या नसा मुख्यतः कातडीत असतात. या वारंवारतेचं क्षेत्र कातडीखाली खोल शिरतं आणि आतल्या भागाला तापवतं. चटका बसला हे कळेपर्यंत आत इजा झालेली असते. या क्षेत्राने अंगात उठणारा प्रवाह हातातून शिरून पायांकडे जमिनीत उतरतो आणि मनगट व घोटा या अरुंद जागी एकवटतो.

डिसेंबर 1979 मध्ये अमेरिकेतल्या निओश आणि ओशा या दोन सरकारी संस्थांनी मिळून नेमक्या याच मशीनबद्दल इशारा प्रसिद्ध केला होता. अशा मशीनवर काम करणाऱ्यांच्या हातांना मुंग्या येणं, बधिरपणा, डोळ्यांची आग होणं, या तक्रारी अभ्यासांत नोंदवल्या गेल्या आहेत. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1998 मध्ये कामगारांसाठी या वारंवारतेला क्षेत्राची संदर्भपातळी मीटरला 61 व्होल्ट ठरवली आणि हातापायांतून वाहणाऱ्या प्रवाहाची 100 मिलिअँपिअर. गार्ड काढलेल्या मशीनपुढे उभं असताना तुमच्या मनगटातून किती वाहत होता, ते तुम्ही मोजलं होतं का? गार्ड, भोवतीची धातूची जाळी आणि मशीनच्या अंगाला घट्ट बसवलेली तांब्याची रुंद पट्टी, हे सगळं त्यासाठीच आहे. पट्टी रुंद का असते, हेही विसरलात. एवढ्या वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरून वाहतो. म्हणून तिच्या जागी गोल वायर बांधून ‘अर्थिंग केलं’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. आणि जनरेटरचं दार उघडायचं असेल तर मला बोलवायचं. आत काही हजार व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहू शकतात. दाराचा सुरक्षा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला मला दिसला, तर त्या माणसाचं प्रशिक्षण त्या दिवशी संपलं.

ही जाळी शेजाऱ्यांसाठीसुद्धा आहे. 27.12 मेगाहर्ट्झ हा आकडा कारखानदारांनी आपल्या सोयीने निवडलेला नाही. 1947 मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यकासाठी काही पट्टे राखून ठेवले गेले, त्यांतला हा एक. 26.957 ते 27.283, एवढीच जागा. ट्युनिंग ढळलेली, जाळी काढलेली मशीन त्या जागेबाहेर जाऊन दुसऱ्याच्या बिनतारी संदेशात घुसते.

तुम्ही म्हणाल, एका तुकड्यासाठी मॅडम एवढं बोलतात. मग हा तुकडा उद्या काय होणार आहे ते ऐका.

1950 च्या सुमारास बॉस्टनमध्ये कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी रक्तासाठी प्लास्टिकची पिशवी तयार केली. त्याआधी रक्त काचेच्या बाटलीत साठवत. बाटली फुटायची आणि तिच्यात हवा शिरायची. पिशवी आली आणि रक्ताचे घटक वेगळे करून एकाचं रक्त अनेकांना देणं सोपं झालं. भारतात हे तंत्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलं. ती पिशवी नरम पीव्हीसीची असते आणि तिच्या कडा आपल्याच पद्धतीने जोडलेल्या असतात. रक्तपेढीत नळी बंद करायचं ते छोटं यंत्रसुद्धा याच तत्त्वावर चालतं.

त्या जोडाला काय काय सोसावं लागतं, बघा. 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त भरल्यावर पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये जाते. तिथे गुरुत्वाच्या काही हजारपट जोर तिच्या कडांवर येतो. तांबड्या पेशींची पिशवी 4 अंशांच्या आसपास पाच-सहा आठवडे राहते. प्लाझ्माची पिशवी उणे 30 अंशांना गोठते. त्या थंडीत पीव्हीसी कडक आणि ठिसूळ होतो. मग ती 37 अंशांच्या पाण्यात वितळवतात. एवढ्या प्रवासात जोड केसाएवढा जरी सुटला, तर रक्त बाहेर येतं आणि जंतू आत जातात. ते रक्त कोणाला चढणार असतं, हे पिशवी जोडणाऱ्याला कधीच कळत नाही. बाळंतपणात रक्तस्राव झालेली एखादी बाई असेल, थॅलेसेमियाचं लहान मूल असेल.

तुमच्यापैकी सगळे रक्तपिशव्या करणार नाहीत, हे मला माहीत आहे. कोणी वसईला रेनकोट करेल, कोणी भोसरीला ट्रकच्या ताडपत्र्या, कोणी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हवेची गादी, कोणी लाइफ जॅकेटचा फुगा. फाइलचं कव्हर आणि लाइफ जॅकेट यांचा जोड बाहेरून सारखाच दिसतो. फाइलचं कव्हर सुटलं तर कागद पडतात. लाइफ जॅकेटचा जोड सुटेल तेव्हा ते घातलेला माणूस पाण्यात असेल. इथे फाइलच्या कव्हरवर खोटी नोंद करायची सवय लावून घेतलीत, तर तिथे हात वेगळा वागेल असं समजू नका. सवय माल बघून बदलत नाही.

‘पण मॅडम, कारखान्यात मालक नगच मोजतो,’ हेही उत्तर तुमच्याकडे तयार असतं. मोजतो. घाई करतो, ओरडतोही. तरीही मी तुम्हाला सांगते: परत आलेल्या मालाचा हिशेब मांडायची वेळ येते तेव्हा त्याला खरं लिहिणारा माणूसच लागतो. किती व्होल्टेज होतं, किती सेकंद तापवलं, किती थंड केलं, पट्टी कुठून फाटली, हे ज्याच्या वहीत प्रामाणिकपणे असतं, तो दोष शोधू शकतो. ज्याची वही सुंदर आणि खोटी असते, तो फक्त चाक फिरवू शकतो. तुम्ही यांतले पहिले व्हावं म्हणून मी इथे उभी आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात या धंद्यातलं आधी कोणी नव्हतं. ओळखीची शिफारस नाही, कोणाचा आधार नाही. तुमचं नाव तुमच्या जोडावरच चालणार आहे. म्हणूनच मला तुमचा एवढा राग आला. ज्यांच्याकडून काही अपेक्षा नाही त्यांच्यासाठी मी किल्ली काढून घेऊन बसले नसते.

आता ऐका, काय करायचं ते. कालच्या नोंदवहीचं ते पान फाडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, ‘चाचणी न करता लिहिलं’ असं लिहायचं आणि ज्याने ज्याने लिहिलं त्याने सही करायची. ते पान वहीत राहील. उरलेले आठ तुकडे आज इथेच कापायचे, प्रत्येकाच्या तीन पट्ट्या, टोकाची, मधली आणि कोपऱ्याची. प्रत्येक पट्टी ओढून बघायची. जोड सोलून निघाला, की जोडाच्या कडेला फाटला, की थरच फाटला, हे वेगवेगळं लिहायचं आणि फाटलेली पट्टी नोंदीशेजारी चिकटवायची. कडेला फाटला तर दाब जास्त पडून तिथला थर पातळ झाला असेल. सोलून निघाला तर उष्णता कमी पडली किंवा थंड होऊ दिलं नाही. कारण स्वतः शोधायचं आणि मला येऊन सांगायचं. चुकीचं सांगितलंत तरी मी समजावेन. कारण न शोधता आलात तर परत पाठवेन.

सोमवारी गार्ड लावलेला असेल, डायची कड घासून गोल केलेली असेल आणि घड्याळं, कडी, अंगठ्या दाराजवळच्या पेटीत असतील, तेव्हा मी किल्ली देईन. त्यानंतर पहिल्या जोडाची पट्टी कापल्याशिवाय दुसरा जोड लावायचा नाही. ज्याला हे जमणार नसेल त्याने आजच सांगावं. त्याच्या प्रमाणपत्रावर मी सही करणार नाही.

कात्र्या कपाटात आहेत. घ्या आणि सुरुवात करा.